साठची कोरी

सेलूत तेव्हा बुधवारी साडेआठला मालिका लागायची
आणि आठ बेचाळीसला लाइट जायची.
घालवायचा माझाच भाऊ.
गुणवंतदादा सबस्टेशनला ऑपरेटर.
वरून फोन आला की फीडर पाडायचा,
आणि मोंढ्यामागची अख्खी गल्ली त्याच्या आईचा उद्धार करायची,
म्हणजे माझ्याही.

घरमालक जिन्यात, भाडेकरू पलंगाखाली,
शिंक येणार, आता येणार,
आणि अंधार.

पुढचं आम्ही लावायचो.
लावायचो म्हणजे कॅसेट, चार सेलांच्या टेपवर.

शुजाउद्दीनचं दुकान स्टेशन रोडला, दोन रुपये रोज.
मी वही घेऊन जायचे.
"लपलेला माणूस सापडतो, त्याला काय आहे?"
तो हसायचा नाही. दात कोरत बसायचा.
"सनई. पण लग्नाची नक्को.
जिच्यात वाजवणारा दम घेताना ऐकू येतो, ती."
बरोबर होतं.
शिंक दाबणारा माणूस तस्साच दम घेतो.

दोन बहिणी एका कढईवरून वर्षभर भांडत होत्या,
त्यांना त्यानं जलतरंग दिला.
विसरभोळ्या पोस्टमास्तरला मी सारंगी म्हणाले,
तर म्हणाला, "कामून रडवू लालीस त्याला?"
आणि उदगीरच्या कुठल्याशा बँडची कॅसेट काढली,
वरातीत निम्मे वाजवणारे चुकले होते तिच्यात,
ट्रंपेट एका चौकात, ढोल भलत्याच.
जावई आला की एकट्याचा तबला:
बोलतो खूप, सांगत काही नाही.

एक भाग मात्र अडला.
तो सुपरवायझर, ज्याला सगळे हसायचे,
स्वतःच्याच निरोप समारंभाला वेळेवर पोचला
आणि कोणीच आलं नव्हतं.
मांडलेल्या खुर्च्या. पिशवीत स्वतःच आणलेला हार.
तो बसला. लाइट गेली.
त्या रात्री मी घरातल्या सगळ्या कॅसेट घालून पाहिल्या.
प्रत्येक जण काहीतरी समजूत काढत होता.

गुरुवारी शुजाउद्दीननं दोनदा विचारलं,
हार पिशवीतून काढला का? नाही म्हणाले.
मग वरच्या फळीवरून पन्नीतली कॅसेट दिली.
"साठची. कोरी. ह्याचे पैसे पूरे लागतील."

पुढच्या बुधवारी अंधारात ती लावली
आणि बोट चुकून लाल बटणावरही पडलं.
कळलं ते फार नंतर.

आता दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात.
दादा गेल्या जूनमध्ये रिटायर झाला,
निरोपाला माणसं आली होती, पेढे कमी पडले.
त्याला दुपारी झोप येत नाही म्हणून माळ्यावरचा टेप काढला,
हेडला स्पिरिट लावलं,
आणि हाताला आली ती कोरी.

फसफस. आई शेंगा फोडतेय.
कुत्रं. कुणाच्या तरी पाटावरून भांडं घरंगळतं.
"ह्या गुणवंताच्या बैलाला..." हे सोनवण्यांचे बापू.
दादा मान हलवतो. हे त्याला पाठच आहे.
पुन्हा शेंगा. बराच वेळ शेंगा.
आणि मग टेपच्या अगदी शेवटाला
गल्लीतली सगळी पोरं, म्हातारी, बापूसुद्धा,
एकाच तोंडानं:
आली!

दादा टेपकडे बघत राहिला.
बत्तीस वर्षं तो तारेच्या त्या टोकाला होता.
तिकडं हँडल वर केलं
की नुसता ट्रान्सफॉर्मर घुमतो, बास.

"हे दर टायमाला व्हायचं?"
"दर टायमाला."
"मला वाटलं निस्त्या शिव्याच असत्याल."

मागं घेतली. पुन्हा शेंगा, पुन्हा बापू, आली!
चहा झाला. पुन्हा मागं घेतली.
तिसऱ्या वेळी मी टेपकडे नाही, त्याच्याकडे बघत होते:
खुर्चीत बसल्या बसल्या
त्यानं उजवा हात सावकाश वर नेला,
आवाजाच्या क्षणभर आधी.